पालकत्वाचा कोर्स करावा का? करायचाच तर कोणता?

घाईने फी भरू नका, पण विषय सोडूनही देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की मुलगी चार वर्षांची आहे, कपडे घालण्यापासून झोपेपर्यंत प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणते, शेवटी तुम्ही ओरडता आणि मग रात्री तुम्हालाच वाईट वाटतं. जाहिरातींत रोज नवा कोर्स दिसतो. मिस्टर म्हणतात, "आपले आईबाप कुठे कोर्सला गेले होते?"

त्यांच्यापासूनच सुरुवात करतो, कारण मीही बायकोने ओढत नेलं म्हणून गेलेला बाप आहे. त्यांचं म्हणणं चूक नाही. बहुतेक मुलं कोर्सशिवायच वाढतात आणि चांगली वाढतात. चार वर्षांच्या मुलीचं 'नाही' म्हणजे काही बिघाड नव्हे, ते वयच तसं. त्यामुळे जी जाहिरात तुम्हाला आधी घाबरवते आणि मग कोर्स विकते, ती तिथल्या तिथे बंद करा.

मग जावं कधी? माझ्या मते एकच खूण पुरे: तेच भांडण, त्याच वेळी, त्याच क्रमाने रोज होतंय, आणि काय करायला हवं हे माहीत असूनही ऐन वेळी जमत नाहीये. तुमच्या प्रश्नावरून तरी तसंच वाटतं. नुसती माहिती हवी असेल तर कोर्सची गरजच नाही, ती फुकट मिळते. अडतं ते ऐन वेळच्या वागण्यात, आणि ते सरावानेच बदलतं.

हे का अडतं ते समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या घरी बसून अशी भांडणं बारकाईने नोंदवली. मूल रडतं, आपण माघार घेतो, रडणं थांबतं. मुलाला हवं ते मिळालं हे आपल्याला दिसतं. पण आपल्यालाही शांतता मिळाली, म्हणजे बक्षीस दोघांनाही मिळालं, हे लक्षात येत नाही. उलट बाजूलाही तसंच. आपण ओरडतो, मूल तेवढ्यापुरतं ऐकतं, म्हणून पुढच्या वेळी आपण लवकर आणि जास्त जोरात ओरडतो. दोघंही एकमेकांना नकळत शिकवत राहतात. हे चक्र मोडायचं तर आधी मोठ्यांनी बदलायचं, या कल्पनेवर आजचे बरेच अभ्यासलेले कोर्स उभे आहेत. म्हणूनच त्यांत मुलाला नाही, पालकाला बसवतात.

आता निवड. 2008 साली अशा कार्यक्रमांच्या 77 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. जास्त परिणाम दिसलेल्या कार्यक्रमांमध्ये काय होतं हे त्यात तपासलं होतं. मुलाशी चांगला वेळ घालवायला आणि भावनांबद्दल बोलायला शिकवणं, वागण्यात सातत्य ठेवायला शिकवणं, टाइम-आउट (चुकीचं वागल्यावर मुलाला थोडा वेळ खेळापासून आणि लक्षापासून बाजूला बसवणं) नीट वापरायला शिकवणं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, वर्गातच पालकाकडून स्वतःच्या मुलासोबत सराव करून घेणं. म्हणून कोर्सवाल्याला फोन केलात की पहिला प्रश्न हाच विचारा: "सराव कसा करून घेता?" उत्तर "आमचे तीस व्हिडिओ आहेत, आयुष्यभर बघता येतील" असं आलं, तर ते व्हिडिओ विकताहेत.

सरावाचं टोक बघायचं असेल तर पीसीआयटी (पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, म्हणजे पालक आणि मूल या दोघांना सोबत घेऊन केलेली थेरपी) बघा. शीला आयबर्ग यांनी 1970च्या दशकात ती विकसित केली, साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी. आई किंवा बाबा मुलासोबत खेळतात, थेरपिस्ट एकतर्फी काचेमागून बघतो आणि पालकाच्या कानातल्या यंत्रातून त्या क्षणी सुचवत राहतो. आता हे व्हिडिओ कॉलवरही करतात. मात्र ही उपचारपद्धत आहे. घरातला हट्ट नेहमीपेक्षा बराच तीव्र असेल तर तिचा विचार करावा.

त्याहून सौम्य पर्याय गटाचे. कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांच्या 'इन्क्रेडिबल इयर्स'मध्ये पालकांचा गट छोटे प्रसंग व्हिडिओवर बघतो, चर्चा करतो, एकमेकांसमोर करून बघतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातून मॅट सँडर्स यांनी उभा केलेला 'ट्रिपल पी' (पॉझिटिव्ह पेरेंटिंग प्रोग्रॅम) पाच पातळ्यांचा आहे, आणि त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे सगळ्यांना शेवटची पातळी लागते असं ते मानत नाहीत. कुणाचं काम थोड्या माहितीवरही भागतं. घरबसल्या सुरुवात करायची असेल तर येल विद्यापीठाच्या ॲलन कॅझडिन यांचा 'एव्हरीडे पेरेंटिंग' हा कोर्स कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आहे. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि काही विद्यापीठांनी मिळून केलेल्या 'पेरेंटिंग फॉर लाइफलाँग हेल्थ'चं साहित्य मोफत मिळतं. इंग्रजी अडत असेल तर आपल्या भाषेत शिकवणारा, यांपैकी एखाद्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेला माणूस शोधा. पद्धतीच्या नावापेक्षा तो किती नीट ऐकतो आणि दिलेला गृहपाठ पुढच्या आठवड्यात विचारतो का, याला मी जास्त किंमत देईन.

आमच्या गटात एकाने मूल व्हायचं आणि दुसऱ्याने पालक, असं करवून घ्यायचे. टाय लावलेले गृहस्थ जमिनीवर लोळून "नाही जाणार" म्हणताहेत, हे दृश्य विसरता येत नाही. पण मूल होऊन बसल्यावर कळतं की "नीट वाग" या वाक्यात करण्यासारखं काहीच सांगितलेलं नसतं. जवळ जाऊन, एकदाच, "बूट कपाटात ठेव" असं म्हणणं आणि मग गप्प राहून थांबणं. वाचायला सोपं आहे, थांबणं महाकठीण. शाबासकीचंही तसंच. "गुड गर्ल" हवेत विरतं, "हाक मारली तशी लगेच आलीस" हे तिला कळतं.

कोर्सचा क्रमही विचारून घ्या. चांगले कोर्स बहुधा खेळ आणि नातं इथून सुरू होतात आणि शिस्तीकडे नंतर वळतात. टाइम-आउटवर सोशल मीडियावर कायम भांडणं चालू असतात. मला त्यात फारसा रस नाही. थोडा वेळ, न ओरडता, आधी सांगून ठेवलेलं आणि बाकी वेळ घरात जिव्हाळा असलेलं टाइम-आउट वेगळं. खोलीत कोंडून अपमान करणं हे वेगळंच. पहिल्याच दिवशी शिक्षांची यादी देणाऱ्या कोर्सला जाऊ नका. "21 दिवसांत मूल बदलेल", "ऑफर आज रात्री बारापर्यंत", पुराव्याच्या नावाखाली फक्त खूश पालकांचे व्हिडिओ, आणि दोन वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंत सगळ्यांना एकच उपाय, हे दिसलं तरी नको.

काही वेळा मात्र कोर्स हा पहिला दरवाजा नसतो. बोलणं वयाच्या मानाने मागे आहे, आधी येत असलेलं काही येईनासं झालंय, ती स्वतःला किंवा इतरांना इजा करते, असं काही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ. चंचलपणाबद्दल एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराची) शंका असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या: अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019च्या मार्गदर्शक सूचनांत चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी औषधाआधी पालक-प्रशिक्षणच सुचवलं आहे. पण तिथे निदान करणारा डॉक्टर आणि प्रशिक्षित थेरपिस्ट हवा, वीकेंडची कार्यशाळा नव्हे. आणि तुम्ही स्वतःच पार थकून गेला असाल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर आधी स्वतःसाठी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. त्या अवस्थेत गृहपाठ म्हणजे आणखी एक ओझं.

मी तुमच्या जागी असतो तर पैसे भरण्याआधी दोनेक आठवडे एवढंच केलं असतं. सगळी भांडणं सोडून एकच निवडायचं, समजा कपड्यांचं. त्याच्या आधी काय झालं, तिने काय केलं, नंतर आपण काय केलं, हे रोज दोन ओळींत लिहायचं. आणि दिवसातून दहा मिनिटं तिच्या मर्जीने खेळायचं: शिकवायचं नाही, हुकूम नाही, प्रश्न नाहीत, फोन दुसऱ्या खोलीत. यानेच फरक पडला तर कोर्सचे पैसे वाचले. नाही पडला, तर ती वही घेऊन जा. शिकवणारा ती उघडून बघतो का, यावरूनही बरंच कळेल.

गेलातच, तर एक तयारी ठेवा. हट्टाकडे लक्ष देणं थांबवलं की तो आधी वाढू शकतो. आतापर्यंत चालत आलेलं हत्यार चालेनासं झालं की मूल ते जास्त जोरात वापरून बघू शकतं. नेमके याच दिवसांत लोक "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. म्हणून घर बदलणं, नवं बाळ, शाळेचा पहिला महिना, असल्या धामधुमीत सुरू करू नका.

मिस्टरांना कोर्सला या म्हणू नका. नाही म्हणतील. फक्त त्या एका भांडणापुरतं दोघांनी तेच वाक्य, त्याच पद्धतीने म्हणायचं, एवढंच ठरवून घ्या. माझ्या बायकोने मला असंच पकडलं होतं.