गिरणीत बदल झाले म्हणजे हेरिटेज संपलं का? वाचकांचे प्रश्न

मुंबईतल्या जुन्या गिरण्यांच्या इमारती हेरिटेज यादीतून काढण्याबद्दल एकच गोंधळ वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतोय, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न: आमची इमारत हेरिटेज यादीत ग्रेड ३ मध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीत आहे. १९८२ च्या संपापासून बंद. इतकी वर्षं वापर नाही तर दर्जा आपोआप गेला असेल ना?

नाही. शासनाचा आदेश निघेपर्यंत दर्जा तसाच राहतो.

प्रश्न: लालबाग-परळच्या सगळ्याच गिरण्या हेरिटेज आहेत असा मेसेज फिरतोय, खरं आहे का?

नाही. फॉरवर्ड वाचू नका, पालिकेची मंजूर यादी बघा. नोंद अख्ख्या आवाराची आहे की एखाद्याच बांधकामाची तेही बघा. २०१२ च्या मसुदा यादीत नाव होतं म्हणजे मंजुरी मिळाली असं होत नाही.

प्रश्न: आमच्या साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या यंत्रांच्या शेडमध्ये, वडिलांच्या काळात माळा टाकला, कौलं काढून पत्रे घातले, पुढे काचा आणि पॅनल बसवले. एक कन्सल्टंट म्हणतो मूळचं काही उरलेलं नाही, एकरकमी फी द्या, सहा महिन्यांत डीलिस्ट करून (यादीतून नाव काढून) देतो. करावं का?

आधी फी देणं थांबवा. हेरिटेज समिती फक्त सल्ला देते, यादीतून नाव काढायचा निर्णय राज्य शासनाचा, आणि त्याआधी लोकांच्या हरकती-सूचना मागवून त्यांचा विचार करावा लागतो, मग सहा महिन्यांची हमी हा माणूस कुणाच्या जिवावर देतोय? हे पॅकेज विकणारे सध्या फार झालेत.

आता ‘मूळचं काही उरलं नाही’ याबद्दल. हे वाक्य मी इतक्या फाइलींत वाचलंय आणि बहुतेक वेळा ते लिहिणारा इमारतीत नीट फिरलेलाच नसतो. पॅनल फ्रेमवर स्क्रूने बसवलेले असतात, ते निघतात. माळा स्वतःच्या खांबांवर उभा असेल तर तोही निघतो. सिमेंटच्या गिलाव्यामागे काळ्या दगडाची भिंत शाबूत आहे का, बिडाचे खांब जागेवर आहेत का, सागवानी तुळया आहेत का, उत्तरेकडून उजेड घेणाऱ्या करवती छपराचा सांगाडा पत्र्यांखाली तसाच आहे का, हे बघा. गिरणीची ओळख या सांगाड्यात असते, पुढच्या काचेत नाही. आणि गिरण्या चालू असतानाही बदलतच होत्या, नवे साचे आले की भिंती हलायच्या, त्यामुळे बदल झाला एवढ्यावरून काहीच ठरत नाही, काय गेलं आणि ते परत येऊ शकतं का यावर ठरतं.

दुसरं, हे बदल परवानगीने झाले होते का? नसतील तर तुम्ही स्वतःचंच बेकायदा काम कारण म्हणून पुढे करताय. हे चालू दिलं तर प्रत्येक मालक आधी तोडफोड करेल आणि मग अर्ज करेल. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

तिसरं, तुम्हाला नेमकं काय हवंय? ग्रेड ३ मध्ये आतबाहेर बदल करायला, नवा वापर आणायला बरीच मुभा असते. ऑफिस किंवा दुकानं हवी असतील तर डीलिस्टिंगची गरजच नसते. नाव निघालं की टॉवर, असंही नाही, गिरणीच्या जमिनीचे नियम वेगळे आहेत, मोकळ्या जमिनीच्या वाटण्या त्यात आल्याच. हेरिटेजमुळे बांधकामाचा हक्क अडला असेल तर टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागी वापरायची किंवा विकायची, तरतूद आहे, ती कुणी सांगितली का तुम्हाला?

आगीत किंवा पडझडीत खरंच एखादी भिंतच उरली असेल तर नाव काढणं योग्य, मी स्वतः तसं लिहून देईन. पण आधी मोजमापाचे नकाशे आणि फोटो व्हायला हवेत. तेव्हा संवर्धनाचं काम केलेल्या आर्किटेक्टकडून पाहणी करून घ्या, मग ठरवा.

प्रश्न: पालिकेची ३५४ ची (धोकादायक इमारतीची) नोटीस आली, इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक ठरली. आता हेरिटेजचा प्रश्न मिटला का?

नाही, सी-१ हे धोक्याबद्दल आहे. पण नोटीस हलक्यात घेऊ नका, आधी माणसं बाहेर काढा, टेकू लावा. मग ऑडिट रिपोर्ट उघडून कुठल्या टेस्ट केल्यात ते वाचा. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक या काँक्रीटच्या टेस्ट आहेत, चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीवर त्या करून आलेल्या आकड्यांवरून भिंत पाडायची की ठेवायची हे ठरवता येत नाही. दगडी बांधकाम कळणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं दुसरं मत लगेच घ्या.

प्रश्न: लिव्हरपूलला राहते. युनेस्कोने २०२१ मध्ये शहराचं नाव काढलं, मग गोदीतल्या जुन्या गोदामांचं संरक्षण गेलं का?

नाही. जागतिक वारसा दर्जा गेला, इंग्लंडची स्वतःची यादी तशीच आहे, अल्बर्ट डॉक आजही तिथे ग्रेड १ आहे, आत म्युझियम आणि हॉटेलं असूनही. आपल्याकडेही पुरातत्त्व खात्याचं संरक्षण वेगळं, पालिकेची यादी वेगळी.

प्रश्न: वडील ज्या गिरणीत होते तिचं नाव यादीतून काढायची नोटीस पेपरात आलीय. आम्ही साधी माणसं, हरकत घेऊ शकतो का?

घेऊ शकता, आणि आजच घ्या. दरवेळी मुदत संपल्यावर मला फोन येतात, तेव्हा माझ्या हातात काही नसतं. नोटिशीतली तारीख बघा, लेखी द्या, शिक्का मारलेली प्रत ठेवा. नुसतं ‘आमच्या भावना जोडलेल्या आहेत’ लिहू नका, कुठलं खातं कुठे होतं, चिमणी, पाण्याची टाकी, जुने फोटो हे जोडा. वडिलांना सोबत बसवून आवाराचा नकाशा काढून घ्या, कारण मालकाचा अहवाल ‘नंतरचा भाग’ म्हणतो तो कधीकधी गिरणी चालू असतानाच बांधलेला असतो आणि ते माहीत असलेला माणूस तुमच्या घरात आहे. सही करण्याआधी मसुदा वकिलाला दाखवा.