उकळत्या पाण्यात थर्मामीटर 96 च दाखवतो, 100 का नाही? (शाळेची प्रयोगशाळा, यवतमाळ जिल्हा)

यवतमाळला 100 येणारच नाही. साधारण दर 300 मीटर उंचीला उत्कलनबिंदू 1 अंशाने उतरतो. यवतमाळ सुमारे 450 मीटरवर, म्हणजे 98.5 च्या आसपास. चिखलदऱ्याला तर 96 च्या थोडंच वर. तुमची खरी चूक अडीच अंशांची आहे.

आधी बर्फात तपासा. बर्फ बारीक कुटा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, थर्मामीटरचा फुगा (खालचा पारा भरलेला भाग) मधोमध ठेवून 10 मिनिटं हलवत राहा. शून्य यायला हवं. पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या, बॅटरीचं चालेल. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं घेऊ नका: लिटरला 5 ग्रॅम मीठ असलं तरी गोठणबिंदू 0.3 अंशाने खाली जातो. बर्फातही 2 च्या आसपास कमी आलं तर पट्टीच सरकली आहे. तेवढी दुरुस्ती प्रत्येक वाचनात मिळवा.

मग भिंगातून पारा बघा. मध्ये तुटला असेल तर वाचन चुकतंच, आणि हे सहसा लक्षात येत नाही. बर्फ-मिठात फुगा बुडवा, सगळा पारा खाली उतरू द्या, मग हळूहळू गरम होऊ द्या. ज्योतीवर कधीच धरू नका, फुगा फुटतो आणि पाऱ्याची वाफ विषारी असते.

काही थर्मामीटर पाऱ्याच्या पातळीपर्यंत पूर्ण बुडवायचे असतात. अशाचा 60 अंशांएवढा पारा पाण्याबाहेर राहिला, तर 0.6 अंश त्यानेच कमी दिसतं. फुगा तळाला टेकवू नका, आणि डोळा पाऱ्याच्या पातळीत ठेवा.