वाचकांचे प्रश्न : घारापुरीचे सासर आणि पावसाळ्याचे चार महिने

प्रश्न : आम्ही सातारा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंब आहोत. माझी मुलगी नवी मुंबईत नोकरी करते. तिने जो मुलगा पसंत केला आहे, त्याचे घर घारापुरी बेटावर शेतबंदरला आहे. मुलगा उरणमध्ये नोकरीला असून आईवडिलांचे लेण्यांच्या पायऱ्यांवर दुकान आहे. जानेवारीत आम्ही घर पाहून आलो. माणसे मोकळी आणि अगत्याची वाटली. तरीही पावसाळ्यात बोट बंद पडली, रात्री कोणी आजारी पडले किंवा बाळंतपणाची वेळ आली तर काय करायचे, या विचाराने झोप लागत नाही. होकार देण्यापूर्वी आम्ही नेमके काय विचारावे? — एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही घर पाहून आलात हे योग्यच केलेत, परंतु जानेवारी हा बेटाचा सर्वांत सोपा महिना असतो. समुद्र शांत असतो, लाँचच्या मागे सीगल पक्ष्यांचे थवे येत असतात, दुकानांवर गिऱ्हाईक असते आणि घरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर हंगामाची उमेद असते. शक्य असेल तर लग्न ठरण्यापूर्वी एकदा जून-जुलैमध्ये, हवा निवळलेली पाहून, त्या घरी दोन दिवस पाहुणे म्हणून राहून या. मुलीलाही सोबत न्या. तिला पुढे जे सोसायचे आहे आणि जे आवडायचे आहे, ते दोन्ही तिने त्या दिवसांत पाहिलेले बरे.

मी उरण तालुक्यातली. माझी आत्या घारापुरीला राजबंदरात दिलेली होती, त्यामुळे त्या बेटाचे सर्व ऋतू मी लहानपणापासून पाहिले आहेत. नकाशात पाहिले तर घारापुरी मुंबईच्या इतकी जवळ आहे की तिथल्या माणसांना अडचण कसली, असे कोणालाही वाटावे. गेटवेपासून ती सुमारे १० किलोमीटरवर, म्हणजे लाँचने तासाभराच्या अंतरावर आहे. पण बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. रेशन कार्ड, दाखले, तहसील कचेरी, बाजार हे सारे पलीकडच्या किनाऱ्यावर, आणि तिथे जाण्याचा मार्ग पाण्यातूनच. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्यांचे हे गाव. जगभरातून माणसे लेणी पाहायला येतात, १९८७ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि तरीही या गावाला समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. तोवर संध्याकाळी साधारण तीन तास जनरेटर चालायचा. तो बंद होण्याआधी जेवणे आटोपायची, मुलांचा अभ्यास उरकायचा, आणि मग कंदील लागायचे. आपल्या मुलीला ते दिवस पाहावे लागणार नाहीत. घरात फ्रीज आला, पंखा आला, मोबाइल चार्ज करण्यासाठी वाट पाहणे संपले. या केबलने तिथल्या बायकांचे किती काम हलके केले, याची कल्पना ज्यांनी आधीचे दिवस काढले त्यांनाच येईल.

पावसाळ्याचे मात्र वेगळे आहे. तो वीज आली म्हणून सोपा झालेला नाही. तीन नंबरचा बावटा, म्हणजे बंदरावरचा वादळी हवेचा इशारा, लागला की गेटवेहून लाँच सुटत नाही. पर्यटक नाहीत म्हणजे दुकान नाही, आणि १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते, म्हणजे ज्या घरात बोट आहे त्या घरातही आवक नाही. दिवाळी ते मे या काळात जे मिळवायचे, त्यातून पुढचे चार महिने काढायचे, हा बेटावरच्या संसाराचा मूळ हिशेब आहे. म्हणून मुलाच्या पगाराची चौकशी करताना, पावसाळ्यात त्या घरात कोणाची किती मिळकत चालू असते, हेही मोकळेपणाने विचारा. मुलगा उरणला नोकरीला आहे ही या दृष्टीने मोठी जमेची बाजू आहे.

या चार महिन्यांची तयारी म्हणजे आगोट. तुमच्याकडेही मृगाआधी घर शाकारणे, सरपण भरणे होतेच, त्यामुळे शब्द नवा वाटला तरी काम नवे वाटणार नाही. मे महिना लागला की आत्याच्या घरात तांदूळ, वाल, चवळी, मूग, हळद, मसाला, कांद्याच्या माळा, रॉकेल आणि सुकी मासळी यांची भर सुरू व्हायची. सुके बोंबील डब्यात भरण्यापूर्वी ती प्रत्येक जुडीतला एक बोंबील काढून दोन्ही हातांनी मधोमध वाकवायची. कट्‌कन मोडला तर जुडी डब्यात, नुसताच वाकला तर पुन्हा अंगणात उन्हाला. डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, आतून कागद लावलेला. जवळा वेगळ्या डब्यात, सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी वेगळ्या डब्यात, कारण सोडे महाग आणि पाहुण्यांसाठी राखलेले. श्रावण पाळणाऱ्या घरात सुद्धा आषाढ संपेपर्यंत या डब्यांवरच भिस्त असते. तुमच्या मुलीला सुरुवातीला हा वास जड जाईल. सासूबाईंना ते आधीच माहीत असेल, आणि तुम्ही तो विषय काढलात तर त्या हसून वेळ मारून नेतात की समजून घेऊन बोलतात, यावरून त्या घराविषयी तुम्हाला बरेच कळेल.

पावसाळ्यात पाणी भरपूर असते, टंचाई येते ती एप्रिल-मेमध्ये. बेटावर पावसाचे पाणी साठवणारे छोटे धरण आहे, परंतु उन्हाळ्याच्या शेवटी त्याची पातळी खाली जाते. घराची स्वतःची टाकी आहे का, विहीर कोणाच्या वाट्याची आहे, हे विचारण्यात काहीही गैर नाही. तुम्ही शेतकरी आहात, त्यांना या प्रश्नाचे मोल कळेल.

आता तुमच्या मुख्य भीतीविषयी. बेटावर रुग्णालय नाही, आणि दवाखान्याची वेळ आली की प्रत्येक घराला समुद्र ओलांडावा लागतो. म्हणूनच होकार-नकाराचा माझा निकष एकच आहे : या कुटुंबाचा पलीकडच्या किनाऱ्यावर पाय रोवलेला आहे का? उरण, उरणजवळचे मोरा (बेटावरचे मोराबंदर नव्हे), न्हावा, उलवे, पनवेल, कुठेही, स्वतःची किंवा भाड्याची एखादी खोली, अथवा हक्काने उतरता येईल असे जवळचे नातलग. मुले कॉलेजला जातात तेव्हा त्यांना पलीकडेच राहावे लागते, म्हातारी माणसे औषधोपचाराला पलीकडेच येतात, आणि गरोदर स्त्रीने तर पावसाळ्यात आठवा महिना लागण्याआधीच पलीकडे येऊन राहिले पाहिजे. हे शेवटचे मी सल्ला म्हणून सांगत नाही, अट म्हणून घालायला सांगते. माझ्या आत्याचे दुसरे बाळंतपण जुलैत होते, आणि कळा सुरू झाल्यावर होडी काढावी की थांबावे, या विचारात घरातल्या चार पुरुषांनी अख्खी रात्र धक्क्यावर काढली. बाळ घरीच झाले, दोघेही सुखरूप राहिली, पण त्या रात्रीचे नाव काढले की आत्या शेवटपर्यंत गप्प व्हायची. त्या घराची पलीकडे खोली असेल तर निःशंक होकार द्या. नसेल, तर लग्नाच्या खर्चातील मानपान, बँड, आहेर कमी करा आणि दोन्ही घरांनी मिळून आधी त्या खोलीचे ठरवा.

प्रवासाच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही स्पष्ट लिहिले नसले तरी ती काळजी तुमच्या मनात असणारच. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला झालेल्या अपघातात माणसे गेली, ते कोणीही विसरलेले नाही. मुलीला एवढेच बजावा की लाइफ जॅकेट अंगावर असल्याशिवाय कोणत्याही बोटीत बसायचे नाही, मग ती दहा मिनिटांची फेरी का असेना आणि बाकीचे सगळे नुसते हातात धरून का बसलेले असेनात.

आणखी एक. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे दुकानदारीच्या घरांत सोमवार हाच सुट्टीचा वार असतो. बाजारहाट, डॉक्टर, बँक, नातलगांच्या भेटी सगळ्या त्या दिवशी. मुलीची सुट्टी रविवारी आणि सासरची सोमवारी, असे झाले तर घर एकत्र कधी बसणार, याचा विचार दोघांनी आत्ताच करावा. लहान वाटणाऱ्या या गोष्टीवरून मी दोन संसारांत नाराजी साठत गेलेली पाहिली आहे. एरवी शेवटची लाँच गेल्यानंतरची घारापुरीची संध्याकाळ फार सुंदर असते. पर्यटकांना रात्री मुक्कामाची परवानगी नाही, त्यामुळे दिवसभर परक्यांचे असलेले गाव दिवेलागणीला पुन्हा गावकऱ्यांचे होते, बायका ओट्यावर येऊन बसतात, पोरे धक्क्याकडे पळतात. तुमच्या मुलीला गाव आवडत असेल, तर ही वेळ तिला नक्की आवडेल. तुमच्या जिल्ह्यातही तापोळा-बामणोलीकडे कोयनेच्या जलाशयामुळे लाँचवर अवलंबून राहणारी कुटुंबे आहेत. तिथे कोणी ओळखीचे असेल तर त्या घरातल्या सुनेशी एकदा बोलून घ्या. तिथल्या पाण्याला भरती-ओहोटी नाही, हा फरक सोडला तर पुष्कळ गोष्टी सारख्या निघतील.

प्रश्न : माझे बालपण मोराबंदरला गेले, आता मी पत्नी-मुलांसह पनवेलला राहतो. वडील गेल्यापासून आई बेटावर एकटी असते. गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि दोन दिवस होडी मिळाली नाही. दर वर्षी मे महिन्यात तिला घेऊन येण्यावरून आमचे भांडण होते आणि ती येत नाही. — एक मुलगा, पनवेल

उत्तर : दादा, तुमची काळजी रास्त आहे, पण मे महिना या बोलण्यासाठी सर्वांत वाईट आहे. आगोटीच्या धावपळीत बाईमाणसाला घर सोडायला सांगणे म्हणजे भरल्या ताटावरून उठवण्यासारखे आहे. हा विषय दिवाळीनंतर, तुम्ही स्वतः चार दिवस तिच्याकडे राहायला गेलात म्हणजे काढा, आणि तेव्हा “चल” म्हणण्याऐवजी तिला नेमके काय अडते ते विचारा. कौले गळतात, कोंबड्या कोणाच्या हवाली करायच्या, वडिलांच्या फोटोपुढे दिवा कोण लावणार, असे काहीतरी ठोस निघेल, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींची तजवीज होऊ शकते. सुक्या मासळीच्या वासावरून तुमच्या इमारतीत कोणी काही बोलेल, अशी भीती तिच्या मनात आहे का, हेही हळूच विचारा. अशा संकोचापायी फ्लॅटमध्ये यायला नकार देणाऱ्या दोन आज्या मला माहीत आहेत. तसे असेल तर तिचा डबा तुम्ही स्वतः उचलून आणा आणि पहिल्या दिवशी सुनेला तिच्याकडून जवळ्याची चटणी शिकायला सांगा.

चारही महिने तिला पनवेलला ठेवण्याचा हट्ट सोडा. जूनच्या मध्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे समुद्र खरोखर खवळलेला असतो तेवढे दिवस, ती तुमच्याकडे राहील आणि गौरी-गणपतीला तुम्ही सगळे तिच्या घरी जाल, असे ठरवा आणि ते न चुकता पाळा. आपण गेलो तरी घर उघडे होणार आहे, एवढी खात्री तिला हवी असते. यंदा ती आलीच नाही, तर रागावून बसू नका. दोन महिन्यांची औषधे आधीच पोचवा, शेजारच्या घरी किल्ली आणि तुमचा नंबर द्या, आणि ज्या होडीने ती नेहमी येते-जाते तिच्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, स्वतः भेटून सांगून ठेवा. गावात अशा भेटीला फोनपेक्षा जास्त मान असतो.

प्रश्न : माझी आजी पंचांगातील तिथी पाहून भरतीची वेळ सांगायची. ते गणित काय आहे? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अलिबाग

उत्तर : तुझ्या आजीचे गणित अजूनही कामाला येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, त्यामुळे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणून त्या दिवशी दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते, त्यामुळे शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. कारण असे की चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. पाऊण तास हे त्याचे तोंडी हिशेबासाठी सोपे केलेले रूप आहे, म्हणूनच पक्षाच्या शेवटी फरक साठतो : पौर्णिमेला गणिताने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात आपल्या किनाऱ्यावर बाराच्या आसपास भरती होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते; अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी.

याचा रोजच्या जगण्यातला उपयोग मोरा धक्क्यावर पाहायला मिळतो. तिथे गाळ साठलेला असल्याने मोठ्या ओहोटीला मुंबईतील भाऊच्या धक्क्याहून येणाऱ्या लाँच लागू शकत नाहीत आणि फेऱ्या काही तास थांबतात. पौर्णिमेला संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथे पोचायचे असेल, तर उधाणाची ओहोटी नेमकी त्याच वेळी येते हे ध्यानात ठेवून चारच्या आत निघालेले बरे. बोटीने जायचे असेल तेव्हा मात्र छापील भरती-ओहोटीचे वेळापत्रकही पाहत जा, विशेषतः जून ते ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा मोठ्या उधाणांची भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि त्यात वाऱ्याची भर पडली की तिथीचा हिशेब पुरत नाही.