कुंडी हलवायलाही नियम?

प्रश्न : मुलगा ब्रिस्बेनमध्ये घर बदलतोय. कुंड्या, खत नेण्यावर मुंग्यांमुळे निर्बंध आहेत म्हणे. एवढं कशाला? – एक वाचक, वाशी

उत्तर : ही लाल आगमुंगी तिथे 2001 मध्ये सापडली. राणी स्वतः उडून फार तर काही किलोमीटर जाते. टेम्पोतली माती, शेणखत, गवताचे गठ्ठे तिला शेकडो किलोमीटर नेतात. एकच फलित राणी नवी वसाहत वसवते, म्हणून निर्बंध अगदी रास्त आहेत.

निघण्यापूर्वी कुंडी उचलून तळाची भोकं तपासायला सांगा. 2 ते 6 मिलिमीटरच्या, लहानमोठ्या तांबूस मुंग्या दिसल्या तर कुंडी हलवू नये. फोटो काढून सरकारी यंत्रणेला कळवावं. वारुळावर उकळतं पाणी ओतणं टाळा, खोलवरची राणी वाचते आणि वसाहत जागा बदलते. वारुळाला वरून भोक दिसत नाही, त्यामुळे ते नुसतं मातीचं ढेकूळ वाटतं.