वर्षभराच्या परदेशवारीआधी

तिकिटं, बॅगा यांचं नंतर बघ; आधी पासपोर्ट उघड. बऱ्याच देशांत प्रवेश करताना तो पुढे निदान ६ महिने वैध लागतो, शिवाय शिक्क्यांसाठी कोरी पानं हवीत. मुदत जेमतेम असेल तर निघण्यापूर्वीच नवा करून घे.

युरोपचा हिशेब मात्र नीट समजून घे, बरेच जण इथेच अडकतात. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. फ्रान्समध्ये काढलेले ४० दिवस इटलीतही तुझ्या नावावर असतातच. व्हिसावर त्याहून कमी दिवस छापले असतील तर तेवढेच.

केनिया-टांझानिया करणार असशील तर पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घेच. टोचल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. प्रमाणपत्राची ती पिवळी पुस्तिका पासपोर्टसोबतच ठेव. तिथून परतताना ती नसेल तर आपल्याच विमानतळावरून ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

आणि हो, बँकेचे ओटीपी भारतीय नंबरवरच येणार. रोमिंग इथूनच चालू करून घे, आणि रिचार्ज संपण्याची तारीख घरी कुणाला तरी लिहून दे.