समुद्रकिनाऱ्यावरच्या लहान उपनगरात राहणं कसं असतं? बडोद्याहून वलसाडला बदली झाली आहे, जवळच्या तिथल गावात भाड्यानं घर घेऊ का?

घ्या, पण पहिल्या रांगेत घेऊ नका. घाईत असाल तर एवढं पुरे. वेळ असेल तर पुढचं वाचा.

मी हेच केलं होतं. दांडिया बाजारातलं बिऱ्हाड उचलून २०१६ ते २०२१ अशी पाच वर्षं आम्ही तिथलला काढली, आता परत बडोद्यात आहोत. (मराठी नातेवाइकांना पत्ता सांगताना "तिथलला राहतो" म्हटलं की "अहो, पण कुठे तिथं?" हा घोळ शेवटपर्यंत मिटला नाही.) वलसाड स्टेशनपासून चार-पाच किलोमीटर, शटल रिक्षा पकडली की वाडी, बंगले, पुन्हा वाडी आणि रस्ता संपतो तिथं समुद्र. तो शहराचाच भाग म्हणायचा, पण रात्री नऊनंतर खेडं.

आम्ही बडोदेकर म्हणजे विश्वामित्री नदीला पाणी म्हणणारी माणसं. आपल्याला सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोई, ७०-७५ किलोमीटरवर, तोही भरतीत महादेव बुडतो म्हणून बघायला जायचा. त्यामुळे सामान लावायच्या आधीच पहिल्या संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर गेलो. बघतो तर समुद्र नाही. काळी ओली वाळू, त्यापुढे चिखल, पार लांब एक चकचकीत रेघ. मुलगी रडायला लागली. आई मात्र हसत सुटली. ती मूळची अलिबागकडची, लग्न होऊन बडोद्याला आलेली. म्हणाली, "अरे, ओहोटी आहे. समुद्र घरी नसतानाच आलात. आज तिथी काय?"

तेव्हापासून आमच्या घरी तिथीला फार महत्त्व आलं. आईचा हिशेब असा: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबई-अलिबागचा. तिथलला भरती त्याहून जरा उशिरा येते, कारण ती दक्षिणेकडून खंभातच्या आखातात वर सरकत जाते. आखात आत निमुळतं होत गेल्यामुळे पाण्याची चढउतारही वाढत जाते. पार भावनगरला ती दहा मीटरच्या वर जाते. तिथलला तेवढी नसली तरी सपाट किनाऱ्यावर पाणी एकदा मागे गेलं की डोळ्यांना दिसेनासं होतं. पुनवे-अमावास्येच्या उधाणाला तेच पाणी पावसाळ्यात भिंतीवर आपटून रस्त्यावर उडतं. पाहुणे येणार असले की आधी पंचांग बघून "चारनंतर या" असं कळवायचं, हे आम्हाला अंगवळणी पडलं.

निळ्या पाण्याची अपेक्षा ठेवू नका. पाणी गढूळ, वाळू काळी. ती काळी का, तर सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा चुरा नद्यांनी आणून टाकलाय, त्यात लोखंडाचे कण भरपूर. मुलीनं फ्रिजवरचं लोहचुंबक वाळूत फिरवलं तर त्याला दाढी फुटली. पुढचे चार महिने घरातलं प्रत्येक चुंबक दाढीवालं होतं.

आता हवेबद्दल, कारण खरा त्रास तिथंच. खारा वारा घरात भाडं न देता राहतो. काडेपेटी सादळते, पापड सादळतात, मिठाच्या बरणीत तांदूळ टाकले तरी मिठाचा दगड होतो. मी बडोद्याहून नेलेली स्कूटर दोन पावसाळ्यांत खालून अशी खाल्ली गेली की गॅरेजवाल्यानं बोट लावलं आणि ते आरपार गेलं. पंख्याच्या पात्यांच्या कडांना ओलसर पांढरी पूड बसते, ती महिन्यातून एकदा पुसावी लागते. बोअरचं पाणीही मचूळ, प्यायला फिल्टरचंच. आम्ही दुसऱ्या गल्लीत होतो, मधे आंब्याची वाडी होती, म्हणून थोडक्यात निभावलं. अगदी समोर राहणाऱ्या शेजाऱ्यांनी पाच वर्षांत दोनदा खिडक्यांच्या जाळ्या बदलल्या.

तुम्ही मासे खाता का, लिहिलं नाहीत. आम्ही सीकेपी, त्यामुळे समुद्राजवळ जातोय याचा आनंद वेगळाच होता. पण किनाऱ्यावर साईबाबांचं आणि स्वामिनारायणांचं अशी दोन मोठी मंदिरं, वस्ती बरीचशी शाकाहारी. तीन घरमालकांनी दारातच विचारलं, "नॉनव्हेज तो नथी ने?" दारात उभं राहिलं की लाटा ऐकू येतात आणि घरात बोंबील चालत नाहीत. चौथे मालक स्वतःच खाणारे निघाले. मग कोसंबाकडून एक मावशी टोपली घेऊन यायच्या, बोंबलांना 'बूमला' म्हणायच्या आणि 'सारू'चं 'हारू' करायच्या. आईचं गुजराती अस्सल बडोद्याचं, तिला यांचं निम्मं कळायचं नाही, पण मासा बघून भाव करायला भाषा लागते कुठे. जून-जुलैत मासेमारी बंद असायची, तेव्हा सुकटीवर भागवायचं.

थंडीत मात्र मजा. डुंगरीकडे हायवेवर उंबाडियुं मिळतं: पापडी, कंद, रताळी मडक्यात भरून, पाल्यानं तोंड बंद करून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. आईनं पहिला घास घेऊन जाहीर केलं, "ही आमची पोपटीच आहे, फक्त भांबुर्डीच्या जागी दुसरा पाला." सोबत नीरा प्या, पण सकाळीच.

शनिवार-रविवारी गाव तुमचं राहत नाही. फाटकासमोर गाड्या, घोडे, मक्याची कणसं. सोमवारी सकाळी किनारा बघवत नाही. पाऊस बडोद्याच्या दुप्पट तरी पडतो, आणि औरंगा नदी फुगली की वलसाडच्या सखल भागात पाणी शिरतं. तुमचं ऑफिस कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून ठेवा. बडोद्याला यायला पहाटेची गुजरात क्वीन, त्यासाठी तीनला उठायची तयारी हवी.

मे २०२१ चं तौक्ते वादळ जमिनीवर आलं ते पार सौराष्ट्रात, ऊनाजवळ. पण आमच्याकडे रात्रभर मधल्या वाडीतून धप्प-धप्प असा आवाज येत होता. सकाळी बघितलं तर तोडणीला आलेला वलसाडी हापूस जमिनीवर. वाडीवाले काका काही न बोलता टोपल्या भरत होते. त्या आठवड्यात कैरीला कोणी भाव विचारेना. आम्ही वीस किलो घेतल्या, ते पैसे घ्यायला तयार नव्हते, आईनं बळेच हातात कोंबले. साखरांबा एवढा झाला की बडोद्याला परतताना बरण्यांसाठी वेगळं खोकं करावं लागलं.

घर बघायला जाल तेव्हा बाल्कनीत नंतर जा. आधी पश्चिमेच्या खिडकीची कडी हातानं सरकवून बघा. नव्या रंगाखाली ती अडकत असेल तर मालकाला शेवटची केव्हा बदलली ते विचारा, आणि भाड्याचं बोलणं त्याच्या उत्तरानंतर करा.