आयर्न मेडन: माणसं बदलली, ती कुठे ऐकू येतात

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: मोबाइलवर आयर्न मेडनची गाणी एकामागून एक लावली की तीन वेगवेगळे गायक ऐकू येतात. मित्र म्हणतो, बँड डिकिन्सननेच काढला. खरं काय? आणि ऐकायला कुठून लागावं?
— एक वाचक, उदगीर

मित्राचं चुकलं. हा ब्रिटिश हेवी मेटल बँड काढला बेस गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने, १९७५ च्या डिसेंबरात, पूर्व लंडनच्या लेटन भागात. गायक ब्रूस डिकिन्सन आला १९८१ च्या सप्टेंबरात. तोवर बँडला पावणेसहा वर्षं झाली होती आणि दोन अल्बम बाजारात आले होते. हॅरिस आणि गिटारवाला डेव्ह मरे हे दोघंच सतराच्या सतरा स्टुडिओ अल्बमवर आहेत. मरेलाही १९७७ मध्ये एकदा घरी बसवलं होतं, पुढच्या वर्षी परत घेतलं.

तुम्हाला ऐकू येणारे तीन आवाज असे: पहिले दोन अल्बम पॉल डिआनोचे, १९९५ आणि १९९८ चे दोन ब्लेझ बेलीचे, उरलेले तेरा डिकिन्सनचे. डिआनोच्या आधी पॉल डे आणि डेनिस विल्कॉक हेही गाऊन गेले, पण त्यांच्या काळात अल्बम निघाला नाही.

सुरुवात चार अल्बमपासून करा, याच क्रमाने: ‘आयर्न मेडन’ (१९८०), ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ (१९८२), ‘पीस ऑफ माइंड’ (१९८३) आणि ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (२०००). पहिल्यात डिआनो, मरे, डेनिस स्ट्रॅटन, हॅरिस आणि ड्रमवर क्लाइव्ह बर. दुसऱ्यात स्ट्रॅटनच्या जागी एड्रियन स्मिथ आणि डिआनोच्या जागी डिकिन्सन. तिसऱ्यात बदल एकच, बरच्या जागी निको मॅकब्रेन. चौथ्यात गिटार दोनाच्या तीन झाल्या.

मधला ‘किलर्स’ (१९८१) आम्ही मुद्दाम बाजूला ठेवला. त्यात माणूस एकच बदलला, स्ट्रॅटन जाऊन स्मिथ आला, पण निर्माताही बदलला आणि मार्टिन बर्च आला. आवाज एकदम स्वच्छ आणि घट्ट झाला तो बर्चमुळे. पुष्कळ जण त्याचं श्रेय स्मिथला देतात. स्मिथचं काम खरं दिसतं ते १९८२ पासून, तो गाणी लिहू लागला तेव्हापासून. त्याच १९८२ च्या अल्बमवर गीतकार म्हणून डिकिन्सनचं नाव एकाही गाण्यावर नाही. त्याने काहीच केलं नाही असं समजू नका. ‘सॅमसन’ या जुन्या बँडच्या कराराची अडचण होती, म्हणून नाव घालता आलं नाही.

अजून एक, कारण यावर हमखास वाद होतो. १९८२ च्या मूळ तबकडीवर आठ गाणी आहेत, १९९८ च्या सीडीवर ‘टोटल इक्लिप्स’ धरून नऊ. २०२२ मध्ये चाळीस वर्षांनिमित्त निघालेल्या तबकडीवर पुन्हा आठ, पण ‘गँगलँड’ काढून त्या जागी ‘टोटल इक्लिप्स’ घातलंय. तुमच्या यादीत आणि मित्राच्या यादीत फरक पडला, तर दोघंही बरोबर असू शकता.

प्रश्न: आम्ही दोघं लातूरला होस्टेलवर राहून गिटार वाजवायलोत. मेडनसारखी जोडसुरावट करायला गेलं की दोन सूर जुळतात आणि तिसऱ्याला कानाला खटकतं. गिटार तर ट्यूनरवर लावलेल्या आहेत. चुकतं कुठं? आणि ती घोड्याच्या टापांसारखी लय कशी बसवावी?
— दोन विद्यार्थी, लातूर

तुमच्या वर्णनावरूनच चूक सापडली. दुसरा गिटारवाला प्रत्येक सुराला मोजून तीन पट्ट्या (फ्रेट) वर जातोय. तसं चालत नाही.

मेडनच्या बऱ्याच सुरावटी ई मायनरमध्ये आहेत. ई म्हणजे पेटीवरची पांढरी तीन. तिथे सा धरला की सूर आसावरी थाटाचे लागतात: ग, ध, नि कोमल, बाकी शुद्ध. दुसऱ्या गिटारने याच थाटातला एक सूर सोडून पुढचा घ्यायचा. पहिला सा वाजवतो तेव्हा दुसरा कोमल ग, रे ला म, कोमल ग ला प. आता अंतर मोजा. सा ते कोमल ग तीन पट्ट्या, रे ते म तीन, पण कोमल ग ते प चार. पुढे म आणि प ला पुन्हा तीन, कोमल ध आणि कोमल नि ला चार.

गिटारवर करून बघा. पहिल्याने तिसऱ्या तारेवर ९, ११, १२ या पट्ट्या वाजवायच्या. दुसऱ्याने दुसऱ्या तारेवर ८, १०, १२. तुम्ही बहुतेक ८, १०, ११ वाजवताय. ती अकरावी पट्टी म्हणजे पंचमाच्या जागी तीव्र मध्यम, तोच खटकतो. होस्टेलजवळ कुठे भजनी मंडळाची पेटी असेल तर एका हाताने पांढरी ३, काळी ३, पांढरी ५ आणि दुसऱ्याने पांढरी ५, ६, ७ अशा जोड्या दाबून बघा. मग पांढऱ्या सातच्या जागी काळी ५ दाबा. फरक एका क्षणात कळेल.

पट्ट्या बरोबर आल्या तरी सूर गढूळ वाटला, तर अँपचा गेन, म्हणजे आवाज फाटवणारं बटण, निम्म्यावर आणा. एकट्याला भरदार वाटणारं डिस्टॉर्शन दोघांचं एकत्र झालं की चिखल होतो. लांब सुरावरचं आंदोलनही दोघांचं सारखं हवं. एकाने बोट रुंद हलवलं आणि दुसऱ्याने अगदी थोडं, तर सुरेल गिटारही बेसूर वाटते. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत सराव करत असाल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी तारा तपासा, आणि त्या एकमेकांच्या गिटारवरून लावू नका, दोघंही एकाच ट्यूनरवर लावा.

आता टापांची लय. वाजवणारे तिला गॅलप म्हणतात. एका मात्रेचे चार भाग करा. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या भागावर ठोका, दुसरा रिकामा: धा ऽ ति ट, धा ऽ ति ट. पिक खाली, खाली, वर. तळहाताची कड ब्रिजवर टेकलेली असू द्या, म्हणजे तार गुंजत राहणार नाही. पहिल्या ठोक्यानंतरची ती रिकामी जागा लोक खाऊन टाकतात, तिन्ही ठोके सारख्या अंतरावर पडतात आणि चतस्राचं (चार भागांचं) तिस्र (तीन भागांचं) होतं. मग ते दादऱ्यासारखं डुलू लागतं, टापा ऐकूच येत नाहीत. आमचा आग्रह असा की आठ दिवस गिटार बाजूला ठेवून हे बोल तोंडाने म्हणा आणि मांडीवर हाताने वाजवा. ‘द ट्रूपर’ची गती मिनिटाला साधारण १६० मात्रांची आहे. तुम्ही मेट्रोनोमवर ८० पासून सुरू करा, सलग चार मिनिटं स्वच्छ आलं तरच ५ वाढवा. कोपर आखडू लागलं की थांबा. ही लय मनगटाची आहे.

हॅरिस हेच बेसवर पिक न घेता दोन बोटांनी वाजवतो, तेही जाड आणि सपाट वेढ्याच्या तारांवर: इंचाच्या हजाराव्या भागांत मोजली तर ५०, ७५, ९५, ११० अशी जाडी. त्या तारा तो इतक्या जोराने मारतो की त्या पट्ट्यांवर आपटतात. बेसमध्ये जो कडकडाट ऐकू येतो तो या आपटण्याचा. तुमच्या बेसवाल्याने त्यासाठी अँपचा ट्रेबल वाढवत बसू नये, बोटं जोरात चालवावीत.

प्रश्न: मेडन वाजवण्यासाठी बास ड्रमला जोड पेडल घ्यायचं ठरवलंय. कोणतं घ्यावं?
— एक ड्रमवादक, परभणी

घेऊ नका, निदान यासाठी तरी नको. मॅकब्रेन अनवाणी पायाने आणि एकाच पेडलवर वाजवतो. ‘पीस ऑफ माइंड’चं पहिलंच गाणं ‘व्हेअर ईगल्स डेअर’ ऐका. मेडनच्या श्रोत्यांना त्याची ओळखच या गाण्याने झाली, आणि त्यातले पायाचे घाईचे ठोके एका पायाचे आहेत. जोड पेडलचा अपवाद म्हणजे २००३ च्या ‘डान्स ऑफ डेथ’मधलं ‘फेस इन द सँड’.

ते पैसे चांगल्या एका पेडलवर घाला आणि ते नीट लावून घ्या. स्प्रिंग फार सैल असेल तर दुसरा ठोका उशिरा येतो, फार ताठ असेल तर पोटरी दोन गाण्यांत भरून येते. टाच उचललेली ठेवा. पहिला ठोका चवड्याने मारा, दुसरा पाय पेडलवर थोडा पुढे सरकवून. आधी ७० च्या गतीला दोन-दोन ठोक्यांच्या जोड्या करा. दुसरा ठोका हळू पडतो ही सगळ्यांची अडचण असते, म्हणून सुरुवातीला दुसऱ्यावरच जोर द्या.

बर आणि मॅकब्रेन यांच्यातला फरक आमच्या मते गायकाच्या बदलाइतकाच मोठा आहे. बर ठोका किंचित पुढे ढकलतो, गाणं धावत सुटल्यासारखं वाटतं. ‘रन टू द हिल्स’ची सुरुवात त्याच्याच ड्रमने होते. मॅकब्रेन ठोका बसवून ठेवतो आणि टॉम्सवर, म्हणजे आजूबाजूच्या ड्रमवर, फिरतो. त्यामुळे हॅरिसला पुढे दहा-बारा मिनिटांची गाणी लिहिता आली, कारण इतकी लांब गाणी धावत्या ठोक्यावर टिकली नसती.

अदलाबदलही बघण्यासारखी आहे. बर ‘सॅमसन’मधून मेडनमध्ये आला होता, पुढे डिकिन्सनही तिथूनच आला. मॅकब्रेन आला ‘ट्रस्ट’ या फ्रेंच बँडमधून, आणि मेडन सोडल्यावर बर त्याच ‘ट्रस्ट’मध्ये गेला. पुढे त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. २०१३ च्या मार्चमध्ये तो वारला.

प्रश्न: ब्लेझ बेली खरंच वाईट गायक होता का? सगळे त्यालाच दोष देतात.
— एक वाचक, नांदेड

नाही. दोष पट्टीचा होता.

१९९३ मध्ये डिकिन्सन स्वतःचं काम करायला बाहेर पडला आणि १९९४ मध्ये ‘वुल्फ्सबेन’मधून बेली आला. त्याचा गळा खर्जाचा, भारदस्त. नव्या गाण्यांना तो शोभतो: ‘द एक्स फॅक्टर’मधलं ‘साइन ऑफ द क्रॉस’ ऐका, अंधारलेलं आहे आणि त्या आवाजाशिवाय तसं झालं नसतं. पण मंचावर त्याला डिकिन्सनची उंच गाणी मूळ पट्टीतच गावी लागली. बँडने वाद्यं उतरवली नाहीत. कुठलाही भजनी बुवा सांगेल, काळी एकवाल्याला पांढरी चारमध्ये रोज दोन तास गायला लावलं तर गळा जाणारच. तेच झालं, दौऱ्यांतले काही कार्यक्रम गळ्यामुळे रद्द करावे लागले. ब्रिटनच्या यादीत डिकिन्सनचा १९९२ चा अल्बम पहिला होता, बेलीचे दोन आठव्या आणि सोळाव्या क्रमांकापर्यंतच गेले.

त्याची गाणी चांगली होती याचा पुरावा बँडनेच दिला. डिकिन्सन परत आल्यावरही ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ मंचावर होत राहिली. तुमच्या बँडच्या गायकाची ओढाताण होत असेल, तर सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवा. अर्ध्याने भागलं नाही तर पूर्ण सुराने. तारा ढिल्या वाटल्या तर ९ ऐवजी १० चा, म्हणजे थोड्या जाड तारांचा, संच घाला. यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: दोन गिटारवर भागत होतं, मग तीन कशाला?
— एक वाचक, जालना

१९९० मध्ये एड्रियन स्मिथ बाहेर पडला. बँडला साधा, रांगडा आवाज हवा होता, त्याला तो मागे जाण्यासारखा वाटला. त्याच्या जागी जॅनिक गर्स आला. १९९९ मध्ये डिकिन्सनबरोबर स्मिथही परतला, तेव्हा नऊ वर्षं निष्ठेने वाजवणाऱ्या गर्सला काढायचं नाही असं ठरलं. हा निर्णय आम्हाला बँडच्या साऱ्या इतिहासात सगळ्यात सुंदर वाटतो. फायदा संगीतालाही झाला: दोघं जोडसुरावट वाजवत असताना तिसरा खालची लय धरून ठेवतो, पूर्वी तिथे एकटा बेस उरायचा. ओळखायचे असे: मरेची बोटं सूर न तोडता घरंगळत जातात, स्मिथचा सोलो आधी रचून आणलेला वाटतो, आणि गर्स पुढे काय करील सांगता येत नाही.

प्रश्न: टी-शर्टवरचा तो सांगाडा बँडमधल्या कुणाचा आहे का?
— एक वाचक, बीड

कुणाचाच नाही. त्याचं नाव एडी, चित्रकार डेरेक रिग्ज. १९८० च्या ‘रनिंग फ्री’च्या वेष्टनावर तो अंधारात होता, त्याच वर्षीच्या पहिल्या अल्बमवर चेहरा दिसला. माणसं बदलत गेली, तो राहिला.

प्रश्न: ते कधी महाराष्ट्रात आले होते का?
— एक वाचक, हिंगोली

हो. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. त्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईपासून झाली, आणि दौऱ्याचं विमान डिकिन्सन स्वतः चालवत होता. त्याआधी मार्च २००७ मध्ये ते बंगळुरूला वाजवून गेले होते.

प्रश्न: आता ड्रमवर कोण आहे? मॅकब्रेन गेला म्हणजे बँड सोडला का?
— एक वाचक, अंबाजोगाई

२०२३ च्या जानेवारीत मॅकब्रेनला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. काही महिन्यांत तो पुन्हा ड्रमवर बसला आणि जवळपास दोन वर्षं दौरे केले, पण हाताची पूर्वीची चपळाई पूर्ण परत आली नाही. ७ डिसेंबर २०२४ ला ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये त्याने दौऱ्यांचा निरोप घेतला. बेचाळीस वर्षं झाली होती. दौरे थांबवले आहेत, बँडशी नातं तोडलेलं नाही.

त्याच्या जागी सायमन डॉसन आला. हॅरिसच्या ‘ब्रिटिश लायन’ या दुसऱ्या बँडमध्ये तो आधीपासून होता, म्हणून हॅरिसच्या बेसची त्याला सवय होती. २७ मे २०२५ ला बुडापेस्टमध्ये तो पहिल्यांदा मेडनबरोबर मंचावर बसला. त्या दौऱ्यात १९९२ पर्यंतचीच गाणी होती, म्हणजे बर आणि मॅकब्रेन या दोघांचंही काम त्याला करायचं होतं. ध्वनिमुद्रण हाताशी आलं तर ‘रन टू द हिल्स’ची सुरुवात आधी १९८२ ची ऐका, मग डॉसनची.